जत्रेतलं कुस्ती मैदान बघायला येताय? दरवर्षी येणारे तेच तेच प्रश्न

चैत्र लागला की माझ्या फोनवर प्रश्न सुरू होतात. पुण्याच्या ऑफिसातली पोरं, बायकोच्या माहेरची मंडळी, एक बेंगळुरूचा मित्र, असे सात-आठ जण दरवर्षी आमच्या गावच्या जत्रेला येतात (गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी), आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी कुस्ती फक्त पिक्चरमध्ये बघितलेली असते. प्रत्येकाला वेगळं टाइप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी पैलवान नाही हे आधीच सांगतो. आठवी ते दहावी तालमीत जायचो, नारळावरच्या (म्हणजे बक्षीस फक्त नारळ असलेल्या) तीन कुस्त्या खेळलो, दोन हरलो, एक बरोबरीत सोडवली. त्यामुळे हे सगळं कडेला बसून बघणाऱ्याचं ज्ञान आहे, त्या हिशोबानेच घ्या.

मैदान म्हणजे काय? कुस्ती स्पर्धाच ना?

नाही. स्पर्धेत वजनगट असतात, ड्रॉ निघतो, फेऱ्या होतात, गुण मोजतात. मैदानात तसलं काही नाही. गावची कुस्ती कमिटी जोड्या लावते, प्रत्येक जोडीला इनाम ठरतं, जोडी उतरते, निकाल लागतो, पुढची जोडी. एक पैलवान एका मैदानात एकच कुस्ती खेळतो. पोस्टरवर लिहिलेलं असतं 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान', खाली एक नंबरची कुस्ती (म्हणजे सगळ्यात मोठी, शेवटी होणारी), दोन नंबरची, तीन नंबरची, समोरासमोर मांड्या ताणून उभे असलेले फोटो, आणि फोटोंच्या वर-खाली पैसे देणाऱ्यांची एवढी नावं की पैलवान शोधावा लागतो. काही लोक याला फड म्हणतात, काही जण आखाडा म्हणतात, आमच्याकडं मैदान. 'मैदानाला चाललोय' म्हटलं की क्रिकेट कुणाच्या डोक्यात येत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईसारखं आधीच ठरलेलं असतं का?

हा प्रश्न जो पहिल्यांदा येतो तो विचारतोच, आणि शक्यतो आमच्या तात्यांसमोर विचारतो. कृपया तात्यांसमोर विचारू नका.

खरं उत्तर असं आहे की बहुतेक कुस्त्या शंभर टक्के खऱ्या असतात, आणि थोड्या नसतात. त्या थोड्यांना नाव आहे, नुरा कुस्ती. दोघांनी आधीच बोलून घ्यायचं, दहा-पंधरा मिनिटं खडाखडी (उभ्या उभ्या ढकलाढकली) करायची, एकदोनदा खाली-वर करून दाखवायचं, मग बरोबरीत सुटायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. कारणं समजण्यासारखी आहेत. जत्रांच्या दिवसात पैलवान आज या गावात, परवा त्या गावात खेळत असतो, खांदा निखळला तर सगळा सीझन गेला, आणि खुराकाचा खर्च काही थांबत नाही. पण पब्लिकला ते पटत नाही आणि पटूही नये.

एका वर्षी आमच्या शेजारच्या गावात एक नंबरची कुस्ती अशीच चालली होती. वीस मिनिटं दोघं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे, डोकं डोक्याला टेकलेलं, लांबून बघितलं तर वाटावं घरगुती अडचण सांगतायत. आधी शिट्ट्या झाल्या, मग लोक उभे राहिले, मग मागनं एक म्हातारा ओरडला, "आरं पंगतीला वाढू का दोघांस्नी?" आणि सगळं मैदान हसलं. पंच शेवटी दोघांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि त्यानंतर दोन मिनिटांत खरी कुस्ती सुरू झाली, इतकी खरी की एकाचं नाक फुटलं. म्हणजे ठरलेलं असलं तरी पब्लिक ते ठरलेलं राहू देत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईत लोक ठरलेलं बघायला तिकीट काढून जातात, इथं ठरलेलं दिसलं की लोक चप्पल हातात घेतात, एवढा फरक.

तशी ठरवून खेळायची फ्रीस्टाइल आपल्याकडं काही नवीन नाही. दारासिंग आणि किंगकाँग नावाचा परदेशी पैलवान यांच्या कुस्त्या मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर व्हायच्या आणि गिरणीतले आपले लोक त्या बघायला गर्दी करायचे. माझे आजोबा त्यात होते. त्यांना विचारलं की म्हणायचे, "ती कुस्ती नव्हं, पण बघायला झकास."

किती वाजता पोचू? मेन कुस्ती किती वाजता?

मेन कुस्ती अंधार पडता पडता किंवा लाइट लावून. पण तुम्ही तीनला या. हो, उन्हात. टोपी आणा.

सगळे इथंच चुकतात. पुण्यातून निघायचं दुपारी, पोचायचं सहाला, एक नंबर-दोन नंबर बघायचं, फोटो काढायचे आणि 'एवढं काय नाय वाटलं' म्हणत परत जायचं. अरे तुम्ही बघितलंच काय? मैदानातलं सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे सुरुवातीच्या पोरांच्या कुस्त्या, ज्यांना नारळावरच्या किंवा रेवड्यांवरच्या कुस्त्या म्हणतात, कारण जिंकणाऱ्याला बक्षीस तेवढंच. सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट कमरेला बसत नाही म्हणून वरनं करदोट्यात खोचलेला, कुणाचे आजोबा सोबत, कुणी एकटंच सायकलवर आलेलं.

गेल्या वर्षी बघितलेलं सांगतो. एक पोरगं, पहिली-दुसरीतलं असेल, उतरल्या उतरल्या समोरच्याचा पट काढला (वाकून पाय उचलला), पाडलं, आणि पाडल्यावर पुढं काय करायचं तेच विसरलं. वर बसून वस्तादाकडं बघतंय. खालचं पोरगंही पडल्या पडल्या त्याच वस्तादाकडं बघतंय, कारण दोघं एकाच तालमीतले. वस्ताद लाजले, तोंडावर उपरणं धरलं. पंचांनी वरच्याला हाताने खूण केली, दाब दाब, तेव्हा त्याला आठवलं. नारळ मिळाला तो त्याच्या डोक्याएवढा होता, दोन्ही हातांनी छातीशी धरून आईकडं पळत गेला. हरलेलं रडायला लागलं, तर वस्तादांनी त्याच्या पाठीची माती झटकली आणि खिशातनं दहाची नोट काढून त्याच्या मुठीत कोंबली. ही सगळी कुस्ती दीड मिनिटाची. एक नंबरची कोण जिंकलं ते मला आता आठवावं लागेल, हे आठवावं लागत नाही.

तिकीट किती?

गावच्या मैदानाला नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या मैदानाला कधी असतं. गावात वर्गणी आधीच काढलेली असते, तुम्ही पाहुणे.

बसायचं कुठं? खुर्च्या असतात का?

खुर्च्या असतात, त्या सत्काराच्या लोकांना. तुम्ही त्यातले नाही. चारी बाजूंनी जमिनीवर बसतात, मागचे उभे, त्यांच्या मागं ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या मागं घरांच्या गच्च्या, आणि झाडावर पोरं. टॉवेल किंवा जुना पेपर आणा खाली टाकायला.

पहिल्या रांगेत बसायचा मोह होतो. बसा, पण पांढरा शर्ट घालून बसू नका. दोन्ही पैलवान मिळून दोनशे किलो कधी तुमच्या मांडीवर येतील सांगता येत नाही. माझ्या एका मित्राचा चष्मा असाच गेला, आणि पैलवानानेच उठून "लागलं का दादा?" म्हणून विचारलं.

माझा सल्ला, तिसऱ्या-चौथ्या रांगेत जागा धरायची आणि शेजारी म्हातारा माणूस बघून बसायचं. फेटा किंवा गांधी टोपी, कान मुडपलेले, हातात काठी. असा माणूस मिळाला तर कॉमेंट्री फुकट. त्याला फक्त एकदा विचारायचं, "आबा, तुम्ही खेळत होता का?" पुढचे तीन तास तुमचे.

आणि हो, आखाड्याच्या मातीत चप्पल-बूट घालून पाय ठेवायचा नाही. सुरुवातीला तिथं पूजा झालेली असते, मारुतीचा फोटो ठेवून नारळ फोडलेला असतो. चुकून गेलात तर कुणीतरी ओरडेल, राग मानू नका, माती कपाळाला लावून मागं या, विषय संपला.

जोड्या कशा लावतात? वजन करतात का?

मोठ्या कुस्त्या आधीच ठरलेल्या असतात, त्या पोस्टरवरच्या. वस्तादांना फोन जातात, मानधन ठरतं, "अमक्याबरोबर नको, तमक्याबरोबर लावा" हे सगळं आधी होतं.

पण खालच्या कुस्त्या जागेवर लावतात आणि ते बघायला मजा येते. लंगोट घातलेली पोरं घोळक्यात उभी असतात. कमिटीतला एक जाणता माणूस येतो, एकाचा दंड धरतो, दुसऱ्याचा धरतो, पाठीला पाठ लावून उभं करतो, उंची बघतो, दंड दाबतो, एखादं लबाड पोरगं पोट आत ओढून लहान दिसायला बघतं त्याच्या पोटात बोट टोचतो. वजनकाटा नाही, वयाचा दाखला नाही. नजरेनं सगळं. "लावा, जमतंय." कधी एखाद्याचा बाप आडवा येतो, "आमचा बारकाय, नको," आणि पोरगं मागनं म्हणतं, "लावा, मी खेळतो." शक्यतो पोराचं ऐकतात.

मोठ्या गड्यांचं पण असं होतं. एखादा पैलवान जोड मिळाली नाही म्हणून हात वर करून मैदानात फिरतो, म्हणजे 'आहे का कोण माझ्याशी खेळणारा', आणि समोरनं कुणी शर्ट काढत उठला की आख्खं मैदान उठतं. तोलामोलाची जोड लागणं हेच अर्धं मैदान, बाकी कितीही पैसा ओता.

कोण जिंकलं ते कसं कळतं?

पाठ. दोन्ही खांदे मातीला टेकले की चीत, संपलं. पॉइंट नाहीत, राउंड नाहीत. समोरच्याला दहा वेळा पाडलं तरी तो पालथा पडला तर काही नाही, आणि तुम्ही अर्धा तास वरचढ असलात आणि एका क्षणात उताणे झालात तर हरलात. कमिटीनं वेळ घातलेली असली तर ती संपल्यावर पंच शेवटी गुणांवर निकाल लावतात किंवा बरोबरीत सोडवतात.

नक्की टेकली का नाही यावरनं दरवर्षी एक तरी वाद होतो. पंच म्हणतात टेकली, हरणाऱ्याच्या गावचे म्हणतात पाठीखालनं उजेड दिसत होता. आता मोबाईलमध्ये व्हिडिओ असतात, त्याने वाद मिटायला पाहिजेत, पण उलट वाढलेत, कारण आता प्रत्येक गावाकडं आपल्या बाजूचा व्हिडिओ असतो.

अर्धा तास दोघं नुसते चिकटून पडलेले असतात. कंटाळा येतो. यात बघायचं काय?

मान्य आहे, पहिल्यांदा येतो. मलाही यायचा. हे जरा सविस्तर सांगतो कारण मैदान आवडणार की नाही ते इथंच ठरतं.

सुरुवातीला जी ढकलाढकली चालते ती खडाखडी. मनगट धर, मान दाब, हात झटक. यात दोघं एकमेकांची ताकद चाचपत असतात, कुठला पाय पुढं टाकतो, मान कुठल्या बाजूला कच्ची आहे. इथं डोळे वर ठेवू नका, पायांकडं बघा. ज्याचा पाय मागं सरकायला लागला तो दबला.

मग एकजण पट काढतो, म्हणजे वाकून समोरच्याचा पाय उचलायचा, एक असेल तर एकेरी, दोन्ही असतील तर दुहेरी. त्यातनं खाली गेलेला पालथा पडतो, हातपाय पसरून मातीला चिकटतो, आणि वरच्यानं कब्जा घेतला असं म्हणतात. तुमचा कंटाळा इथं सुरू होतो आणि खरी कुस्तीसुद्धा इथंच सुरू होते. वरच्याला आता ह्या नव्वद-शंभर किलोच्या माणसाला उताणा करायचाय, जो उताणा व्हायला तयार नाही. वरचा हात आत सारायला बघतोय, खालचा कोपर बरगडीला दाबून तो दरवाजा बंद ठेवतोय. वरचा मानेवर गुडघा देतो, तो घुटना. बगलेतनं हात घालून स्वतः घासत पुढं येऊन त्याला ओढायला बघतो, तो घिस्सा. खालचा गप पडलाय असं वाटतं, पण तो वाट बघत असतो वरच्याचं वजन एका बाजूला कधी जातंय त्याची. ते गेलं की एका झटक्यात वरचा खाली, खालचा वर, आणि तुम्ही नेमके तेव्हा रीलला लाइक करत असता.

उभ्या उभ्या होणारे डाव मात्र कुणालाही कळतात. ढाक म्हणजे मान-हात धरून कमरेवरनं फेकायचं. कलाजंग म्हणजे समोरच्याला खांद्यावर आडवा घेऊन टाकायचं, पोत्यासारखं. ढाक बसली की आवाज येतो, धप्प, आणि त्यानंतर अर्धा सेकंद पूर्ण शांत असतं. मग हलगी.

सोपी युक्ती सांगतो, कान देऊन बघा. काही कळत नसेल तर म्हाताऱ्यांचा आवाज ऐका. ते "हां... हां... हां..." करायला लागले की काहीतरी होणार आहे. पोरं ओरडतात ते झाल्यावर.

एकमेकांच्या अंगावर माती का टाकतात? राग असतो का?

राग नाही, सलामी आहे. हात मिळवायचा, मूठभर माती एकमेकांच्या हातावर, पाठीवर टाकायची आणि सुरू. घामानं अंग निसटतं, माती लागली की पकड बसते, म्हणजे तुम्ही समोरच्याला तुम्हाला धरायची सोय करून देताय. मातीपण साधी नसते. लाल माती चाळून घेतात, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळतात, आठवडाभर आधी खणून उलटीपालटी करतात. खाली पडलं तर लागू नये आणि खरचटलं तर चिघळू नये म्हणून. नाकाजवळ नेली तर वास येतो, लोणच्याचा आणि पहिल्या पावसाचा मिळून असा काहीतरी. माझ्या बायकोला तो आवडत नाही. असो.

हलगी पूर्ण वेळ वाजते का? लहान बाळ आहे बरोबर.

पूर्ण वेळ. हलगी, घुमकं, मधनं शिंग-तुतारी, आणि वरनं निवेदकाचा माईक. बाळाला गच्चीवर ठेवा, आमच्या घराची गच्ची मोकळी आहे. हलगीवाल्याकडं जरूर लक्ष द्या, तो कुस्ती बघत वाजवत असतो. खडाखडीला सावकाश, पट निघाला की चढते, चीत झाली की कडाडते. चांगला हलगीवाला असेल तर डोळे मिटूनही कुस्ती कुठवर आली ते कळतं.

निवेदक मधेच पैसे का जाहीर करतात?

कुस्ती आवडली की लोक तिथल्या तिथं बक्षीस लावतात. "अमुक पाटलांकडून पाचशे एक", "तमुक सरपंचांकडून हजार एक". तुम्हीही लावू शकता, शंभर रुपयेही चालतात, तुमचं नाव माईकवर येतं. गेल्या वर्षी बेंगळुरूच्या मित्रानं पोरांच्या कुस्तीवर दोनशे एक लावले, त्याचं आडनाव निवेदकानं तीन वेगवेगळ्या प्रकारे घेतलं, तरी तो अजून ते रेकॉर्डिंग लोकांना ऐकवतो.

मोठ्या कुस्तीचं इनाम लाखात जातं, वर चांदीची गदा, कधी बुलेट. राज्याच्या पातळीवर तर २०२३ ला पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा त्याला थार गाडी मिळाली. पण हे वरच्या चार-पाच जणांचं झालं. मधल्या पैलवानाला एका मैदानातनं जे मिळतं ते दूध, तूप, बदाम आणि तालमीतल्या मेसमध्येच जातं. घरी दोन एकर असते आणि बापानं त्यातलं विकलेलं असतं, अशी पोरं मी ओळखतो. म्हणून बक्षीस लावायचं असेल तर एक नंबरवर लावू नका, मधल्या कुस्त्यांवर लावा. हे माझं मत, तात्यांचं वेगळं आहे.

बायका-मुलींनी आलं तर चालेल का?

या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आमच्याकडं बायका गच्चीवरनंच बघायच्या, खाली फक्त पुरुष. आता खाली पण बसतात, आणि मुलींच्या कुस्त्याही लागतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, त्यानंतर आमच्या आसपासच्या तालमींमध्ये पोरी दिसायला लागल्यात. पण खोटं कशाला सांगू, गर्दी बहुतेक पुरुषांचीच असते, संध्याकाळी मागच्या बाजूला पिलेली चार टाळकी असतात, आणि बायकांच्या बाथरूमची सोय मैदानावर नाही. आमचं घर दोनशे पावलांवर आहे, ते वापरा, विचारायचं पण नाही. आणि पुढच्या रांगांमध्ये बसा, मागं नको.

मारामारी, दुखापत असं काही होतं का? माझा मुलगा घाबरेल?

नाक फुटणं, खांदा निखळणं, गुडघा मुरगळणं होतं. मुद्दाम मारायला बंदी आहे, ठोसा, लाथ, बोट पिरगाळणं असलं काही केलं की पंच उठवतात. तुमच्या मुलाला भीती वाटणार नाही, उलट कपडे काढून मातीत उतरायला मागेल, तयारी ठेवा. उतरवा की. नारळ मिळाला तर मिळाला.

कानाबद्दल सगळेच विचारतात. तालमीत वर्षानुवर्षं डोकी घासून, कान दाबले जाऊन आत रक्त साकळतं आणि कान तसाच गाठीसारखा आवळून बसतो. दुखतं, पण बरेच जण मिरवतात. एसटीत असे कान दिसले की लोक आपोआप सरकून जागा देतात.

खायला काय मिळतं?

भेळ, भडंग, शेंगा, उसाचा रस, गारीगार, कलिंगडाच्या फोडी. पाण्याची बाटली आणा. पोट भरून खाऊ नका कारण रात्री घरी जेवायचंय.

फोटो-व्हिडिओ काढले तर?

काढा. फक्त कुस्ती सुरू असताना आखाड्याच्या कडेला उभं राहून काढू नका, मागनं ढेकूळ येईल. पैलवानाबरोबर सेल्फी पाहिजे तर कुस्तीनंतर, आणि हरलेल्याला जरा वेळ द्या.

गावची जत्रा जमत नाही, कोल्हापूरला जाऊन काही बघता येईल का?

खासबाग बघा. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले होते, रोमचं कलोसियम बघितलं आणि तसलं काहीतरी कुस्तीसाठी आपल्याकडं पाहिजे म्हणून हे मैदान बांधून घेतलं, १९१२ ला सुरू झालं. मधे आखाडा, भोवती चढत जाणारी गोल बैठक, कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. मैदान नसताना गेलात तर नुसता मोकळा गोल दिसेल, तरी वरच्या पायरीवर पाच मिनिटं बसून या. जवळपास जुन्या तालमी आहेत, गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग. पहाटे गेलात तर पोरं जोर मारताना, माती खणताना दिसतील. आधी वस्तादांना विचारायचं, बूट बाहेर काढायचे आणि कोपऱ्यात गप उभं राहायचं, कुणी नको म्हणत नाही.

कोणकोणती नावं माहीत असायला पाहिजेत, म्हणजे म्हाताऱ्यांशी बोलता येईल?

हे बरं विचारलंत. खाशाबा जाधव पहिले, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. १९५९ ला पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, १९६१ ला पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने, दोघंही हिंदकेसरी आणि दोघांनीही १९६२ च्या जकार्ता एशियाडला सोनं आणलं. मारुती माने आमच्या जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे, त्यामुळे आमच्या गावात त्यांचं नाव घेतलं की चहा येतोच. आणि हरिश्चंद्र बिराजदारांनी बेळगावात दिल्लीच्या सतपालला चीत केलं ती कुस्ती. ती प्रत्यक्ष बघितली असं सांगणारे म्हातारे इतके आहेत की ते सगळे तिथं मावले कसे हा प्रश्न विचारायचा नाही, नुसतं ऐकायचं.

एक धोका आहे. 'तुमच्या मते सगळ्यात भारी कोण' असं दोन म्हाताऱ्यांना एकदम विचारू नका. समोर कुस्ती चालू असताना इकडं दुसरी लागते.

यावर्षी कधी आहे? राहायची सोय?

जत्रा तिथीवर असते त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, कॅलेंडर बघून ग्रुपवर टाकतो. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी मैदान, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या. झोपायला गच्ची आणि सतरंज्या, दहा जण आरामात. मटण खात नसाल तर आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी आईला पिठलं टाकायला लावू नका. गाडी हायस्कूलच्या पटांगणात लावा आणि तोंड रस्त्याकडं करूनच लावा, मैदान सुटल्यावर सगळे ट्रॅक्टर एकदम निघतात, मागच्या वर्षी उलटी लावलेली गाडी काढायला साडेअकरा वाजले होते.